संस्थेचा इतिहास लिहायचाय? आधी रोजकीर्द उघडा

सांगली-मिरजेत पन्नास-पंचाहत्तर वर्षं झालेल्या नाट्यमंडळांना, संगीत सभांना, व्याख्यानमालांना तोटा नाही. अमृतमहोत्सव जवळ आला की कार्यकारिणीत ठराव होतो, 'संस्थेचा इतिहास काढायचा', आणि काम पडतं एखाद्या निवृत्त मास्तरांच्या गळ्यात. पुढचं ठरलेलं असतं. मास्तर चार ज्येष्ठांना भेटून आठवणी उतरवून घेतात. मग अध्यक्षांचं मनोगत, शुभसंदेश, पानपान जाहिराती, शाल-श्रीफळाचे फोटो, आणि या सगळ्यात कुठंतरी बारा पानांचा 'इतिहास'. त्यात पहिला प्रयोग कुठं झाला, कधी झाला, तिकीट किती होतं, यातलं काहीच नसतं. ही स्मरणिका झाली. ती काढायला हरकत नाही, पण तिला इतिहास म्हणू नये.

गफलत होते ती क्रमाची. माणसांना आधी भेटायचं नाही. आधी कागद, त्यातही रोजकीर्द म्हणजे खजिनदारांची रोजच्या जमाखर्चाची वही, मग कागदांवरून कार्यक्रमांची तारीखवार सूची, मग ती सूची हातात घेऊन माणसं, आणि सगळ्यात शेवटी लिखाण. दोघांनी आठवड्याला दोन संध्याकाळी दिल्या तर पंचाहत्तर वर्षांच्या संस्थेला निदान वर्ष लागतं. म्हणून ठराव महोत्सवाच्या दोन वर्षं आधी व्हायला हवा. तीन महिने आधी ठराव झाला असेल, तर सरळ स्मरणिका काढा आणि इतिहासाचं काम त्यानंतर सुरू करा.

कपाट उघडताना

संस्थेचे कागद एका जागी कधीच नसतात. कार्यालयातलं लोखंडी कपाट, माजी चिटणीसांच्या घरातली ट्रंक, खजिनदारांच्या दुकानाचा पोटमाळा, हिशेबतपासनीसांच्या फाइली आणि नाटकाच्या कपडेपटाची पेटी, एवढ्या जागा तरी धरून चाला. कपडेपटाच्या पेटीत तळाला अंथरलेली जुनी वर्तमानपत्रं आणि हस्तपत्रकं निघतात. ती झटकून टाकू नका, कित्येकदा तीच कामाची असतात.

पहिल्या दिवशी काहीही 'लावून' ठेवायचं नाही. गठ्ठा जसा बांधलेला आहे तसाच राहू द्या, कारण कोणता कागद कशाच्या शेजारी होता यावरूनच पुढं साल ठरतं. एक वही घ्या, प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्या, कुठून मिळाला, कुणी दिला, किती कागद, ते लिहा. कागदावर काही लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलनं, मागच्या बाजूला, कोपऱ्यात. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हलक्या हातानं काढा. फाटक्या कागदाला सेलोटेप लावू नका. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. चांगल्या भावनेनं केलेलं लॅमिनेशन म्हणजे त्या कागदाचा कायमचा बंदोबस्त, ते पुन्हा सुटत नाही.

छायाप्रतीसाठी मजकुराचा कागद ३०० डीपीआय (म्हणजे इंचाला तेवढे ठिपके), फोटो ६०० डीपीआय. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो, पण फ्लॅश बंद, खिडकीच्या उजेडात, कागद सपाट आणि मोबाइल वर बरोबर समांतर. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गठ्ठ्याचा क्रमांक. तारीख माहीत नसेल तर तिथं शून्यं लिहा, अंदाज लिहू नका. 'जुना फोटो नवीन फायनल' अशा नावाच्या चारशे फाइली झाल्या की काम तिथंच संपतं.

चार तारखा

'संस्था कधी स्थापन झाली?' या साध्या प्रश्नाला बहुतेक संस्थांकडं चार उत्तरं असतात आणि चारही खरी असतात. गणेशोत्सवातल्या मेळ्यातून चार पोरं एकत्र आली ते साल. संस्थेच्या आजच्या नावानं पहिला कार्यक्रम झाला तो दिवस. नोंदणी झाली ती तारीख. आणि संस्थेची घटना, म्हणजे नियमांचा मसुदा, दुरुस्त होऊन आजचं स्वरूप आलं ते वर्ष. यातली एकच निवडून बाकीच्या दडपल्या की पुढं वाद होतो, आणि वाद घालणाऱ्याच्या हातात बहुधा एखादा कागद असतोच. चारही तारखा पुराव्यासकट द्या आणि वर्धापनदिन कोणता मानायचा ते कार्यकारिणीवर सोडा.

नोंदणीची तारीख धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मिळते. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशी दोन्हींकडं नोंदलेली असते. त्यामुळं क्रमांकही दोन असतात. 'एफ' अक्षराचा क्रमांक विश्वस्त नोंदणीचा. अर्ज करून चार गोष्टींच्या प्रमाणित नकला मागा: नोंदवहीचा म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा, मूळ घटना व नियमावली, आजवरचे सगळे बदल अर्ज, आणि मिळतील तेवढ्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. बदल अर्ज हा खजिना आहे. कार्यकारिणी कधी बदलली, कोण गेलं, कोण आलं, कुणी हरकत घेतली, सगळं त्यात असतं. मात्र अर्ज मंजूर होण्यात कित्येकदा वर्षानुवर्षं जातात. म्हणून आदेशाची तारीख ही अध्यक्ष बदलल्याची तारीख समजू नका. ज्या सभेत निवड झाली तिची तारीख अर्जाच्या आत असते, ती घ्या.

साल नसलेलं हस्तपत्रक

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, आणि खरं सांगायचं तर मजाही इथंच आहे. नाटकाच्या हस्तपत्रकावर वार असतो, तारीख असते, महिना असतो, साल नसतं. छापणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीतच होतं, मग छापायचं कशाला?

समजा पत्रकावर आहे: 'शनिवार दि. १७ नोव्हेंबर, रात्रौ ९॥ वाजता. त्रिपुरी पौर्णिमेनिमित्त. दर १ रु. व ८ आणे. जि. दक्षिण सातारा.' कागद हातात धरून एकेक शब्द खोडत चला.

पहिला धागा वाराचा. स्वातंत्र्यानंतर १७ नोव्हेंबरला शनिवार होता ती सालं १९५१, १९५६, १९६२, १९७३, १९७९, १९८४ आणि १९९०. दुसरा धागा पैशाचा. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. 'आणे' छापलेत म्हणजे बहुधा त्याआधीचं. 'बहुधा' एवढ्यासाठी, की लोकांच्या तोंडी आणे नंतरही होतेच आणि एखादा छापखाना जुनीच जुळणी पुन्हा वापरायचा. तिसरा धागा पक्का आहे. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ साली झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. म्हणजे १९६२ पासून पुढची सगळी सालं बाद. उरली दोन, १९५१ आणि १९५६.

आता पौर्णिमा. जुनं पंचांग काढा. १९५१ मध्ये कार्तिकी पौर्णिमा १३ नोव्हेंबरच्या सुमाराला येऊन गेली होती, १७ ला वद्य पक्ष लागलेला. १९५६ मध्ये मात्र १७ तारखेच्या संध्याकाळी पौर्णिमा होती. पत्रक १९५६ चं. एवढं झाल्यावरही आपल्या वहीत हे साल पेन्सिलनं लिहा, आणि १९५६-५७ च्या रोजकीर्दीत त्या तारखेला छपाई, मांडव, चहा असा काही खर्च पडलाय का ते पाहा. पडला असेल तर वहीत शाईनं लिहा.

असे आणखी काही धागे हाताशी ठेवा. 'नये पैसे' असं छापलेलं तिकीट १९५७ ते १९६४ मधलं. १ जून १९६४ पासून 'नये' हा शब्द गेला. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण त्या दिवशी पिनकोड सुरू झाला. 'सांगली संस्थान' असेल तर ८ मार्च १९४८ च्या विलीनीकरणाआधीचं. संहितेवर परिनिरीक्षण मंडळाच्या, म्हणजे नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवाना देणाऱ्या सरकारी मंडळाच्या, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख असेल तर परवाना घेऊन केलेला तो प्रयोग त्याआधीचा असू शकत नाही. पत्रकाच्या तळाला छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असतं, तेही टिपा. एकाच छापखान्याची, एकाच टाइपातली दोन पत्रकं समोर ठेवली की एकाचं साल दुसऱ्याला लागू पडतं.

शक सालाची नोंद असेल तर चैत्रापासून डिसेंबर अखेरीपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पौषात ही मेख हमखास बसते. मंडळांच्या इतिहासात एक वर्षाचा घोळ दिसला की निम्म्या वेळा तो पौष-माघातला असतो आणि उरलेल्या वेळा अहवालाच्या वर्षाचा. '१९६२-६३ चा अहवाल' म्हणजे त्यातलं सगळं १९६२ चं नव्हे. फेब्रुवारीतला महोत्सव १९६३ चा.

रोजकीर्द

चिटणीसांचं इतिवृत्त आणि खजिनदारांची रोजकीर्द यांत फरक पडला तर रोजकीर्दीवर विश्वास ठेवा. इतिवृत्तात 'कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाला' असं लिहायला पैसे पडत नाहीत. रोजकीर्दीत पैसे पडलेले असतात.

वही वाचायची पद्धत अशी. एका वर्षाची वही घ्या आणि फक्त खर्चाची बाजू वाचत जा. पेटीभाडं, तबलजीचं मानधन, पडद्यांचं भाडं, गॅसबत्त्या किती नग, रंगपटवाल्याची बिदागी, हरिपूरला जायला बैलगाडी की मोटार, पानसुपारी. अशा नोंदी एका तारखेभोवती गोळा झाल्या की तिथं प्रयोग झालाय, मग त्याचा दुसरा कुठला कागद असो वा नसो. गॅसबत्तीचं भाडं थांबून वीजबिल सुरू होतं ते वर्ष टिपा. पडद्यांचं भाडं थांबून लाकूड, खिळे, काथ्या, रंग यांचे खर्च सुरू होतात, म्हणजे रंगवलेल्या पडद्यांवरून मंडळ नेपथ्य उभारण्याकडं वळलं. स्त्रीभूमिकेसाठी बाहेरून आलेल्या नटीचं मानधन पहिल्यांदा कधी पडलं, तेही इथंच सापडतं. समीक्षकांच्या लेखांत या गोष्टी 'साठच्या दशकात' अशा मोघम येतात. तुमच्याकडं तारीख असते.

मग जमेची बाजू. तिकीटविक्रीची रक्कम आणि दर माहीत असला की प्रेक्षक किती होते याचा अंदाज निघतो. वर्गणीदारांची यादी पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींत असते. तिच्यावरून संस्था कोणत्या पेठेच्या जिवावर चालली होती ते कळतं. गणपती पेठेतल्या हळद-गुळाच्या अडत्यांनी दिलं, गावभागातल्या वकिलांनी दिलं की साखर कारखान्यातल्या नोकरदारांनी दिलं, यावर कार्यक्रमांची निवडसुद्धा फिरलेली दिसते.

स्वातंत्र्याआधीच्या वह्या मोडी लिपीत असण्याची शक्यता मोठी आहे. मोडी वाचणारे सापडतात. त्यांच्याकडं वही पाठवू नका, छायाप्रत पाठवा. आणि त्यांना आधी नाटकांची, नटांची, पेठांची नावं लिहून द्या. मोडीत वेलांटी-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो आणि काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, त्यामुळं विशेषनामात चूक ठरलेली.

आधी सूची

मिळालेल्या सगळ्या तारखा एका तक्त्यात टाका. रकाने एवढे: तारीख, कार्यक्रमाचं नाव, लेखक किंवा गायक, दिग्दर्शक, जागा, तिकीटदर, कलावंत, पडद्यामागचे लोक, पुरावा कोणता, पुरावा कुठं ठेवलाय. शेवटचे दोन रकाने रिकामे असलेली ओळ तक्त्यात ठेवायची, पण वेगळ्या रंगात. पुस्तक छापायला जाईल तेव्हा त्या रंगाच्या ओळी परिशिष्टातून गाळा.

पडद्यामागच्या रकान्यासाठी हट्ट धरा. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, कपडेपट, पार्श्वसंगीत, प्रॉम्प्टर, तिकीटखिडकी. नटांची नावं कुठंही मिळतील. तीस वर्षं विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलेल्या माणसाचं नाव फक्त तुमच्या कागदांत आहे.

सूचीला एवढं महत्त्व का, याचं एक उदाहरण दूरचं आहे पण सांगलीकरांना गमतीचं वाटेल. विष्णुदास भावे यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं ते ५ नोव्हेंबर १८४३ ला. त्याच्या अकरा महिने आधी, ७ डिसेंबर १८४२ ला, न्यूयॉर्क शहरात वादकांनी स्वतःच स्थापन केलेल्या फिलहार्मोनिक सोसायटीची पहिली मैफल अपोलो रूम्स या सभागृहात झाली. ती संस्था आज न्यूयॉर्क फिलहार्मोनिक म्हणून जगभर माहीत आहे, आणि त्या पहिल्या मैफलीपासूनच्या कार्यक्रमांची सूची तिनं इंटरनेटवर खुली ठेवली आहे. कुणीही घरबसल्या पाहावं. बोस्टनची हँडेल अँड हायडन सोसायटी तर १८१५ ची. या संस्थांच्या इतिहासाला वजन आलं त्यामागं छापील कार्यक्रमपत्रिका जपून ठेवण्याची सवय आहे. ते काम एका कपाटात आणि एका तक्त्यात होतं, त्याला अमेरिकेतला पैसा लागत नाही.

सरकारी दप्तरात कुठं शोधायचं

आजच्या सांगली जिल्ह्याचा जुना कागद 'सांगली' या नावाखाली मिळेलच असं नाही. तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हा मुलूख इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात होता. सांगली, मिरज आणि जत ही संस्थानं, आटपाडी औंध संस्थानात. म्हणजे १९४५ सालचं तासगावचं मंडळ शोधायला साताऱ्याकडं जायचं, आटपाडीचं औंधकडं, आणि सांगली शहरातलं शोधताना संस्थानी कागद पाहायचे. पुराभिलेख खात्याची पुणे आणि कोल्हापूर इथली कार्यालयं यासाठी गाठावी लागतात. जाण्याआधी लेखी अर्जात विषय, कालखंड आणि गावं नेमकी लिहा. 'नाटकाविषयी सर्व माहिती' असा अर्ज केला तर हातात काही पडत नाही. संस्थानी हद्दीत इंग्रजी मुलखातला नोंदणी कायदा आपोआप लागू नव्हता, त्यामुळं १९४८ आधीच्या मंडळाची नोंदणी सापडली नाही म्हणून मंडळ नव्हतं असं होत नाही.

वर्तमानपत्रांसाठी तारीख माहीत असेल तरच जा. सूची आधी करायची ती याचसाठी. तारीख हातात असली की कार्यक्रमाच्या आधीचे चार दिवस जाहिरातीसाठी आणि नंतरचे दहा दिवस बातमीसाठी चाळायचे, बस्स. तारखेशिवाय बसलात तर एका सालाच्या बाडातच महिना जाईल. पुण्या-मुंबईच्या दैनिकांत गावच्या कार्यक्रमाची बातमी उशिरा यायची, हेही लक्षात ठेवा. 'काल झालेला' हा शब्द बातमीदारानं पत्र लिहिलं त्या दिवसापासूनचा असतो, अंकाच्या तारखेपासूनचा नव्हे.

आता माणसांकडं

सूचीची प्रत घेऊन जा आणि एखादा फोटो बरोबर ठेवा. 'तुमच्या आठवणी सांगा' असं म्हटलं की गेली वीस वर्षं सांगत आलेले तेच पाच किस्से ऐकायला मिळतात. त्याऐवजी वस्तू पुढं करा. 'आजोबा, हा पडदा कुणी रंगवला?' 'काकू, या फोटोत डावीकडून तिसऱ्या कोण?' 'तालीम कुणाच्या वाड्यात व्हायची? माडीवर की सोप्यात?' नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर येतं, आणि त्यातून न विचारलेलंही बाहेर पडतं.

दोघांनी जायचं. एकजण बोलणार, दुसरा ध्वनिमुद्रणावर लक्ष ठेवून नावं लिहून घेणार. पंखा बंद करायला सांगताना संकोच वाटतो, पण सांगा. मोबाइल टेबलावर थेट न ठेवता रुमालाच्या घडीवर ठेवला की पेल्या-बश्यांची ठकठक कमी येते. सुरुवातीलाच तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं उच्चारा. पाऊण तासावर थांबा, थकलेलं माणूस गोष्टी एकमेकींत मिसळतं. निघताना एका कागदावर सही घ्या की हे संस्थेनं जपावं आणि इतिहासासाठी वापरावं. कुठला भाग छापायचा नाही असं त्यांनी म्हटलं तर तेही त्याच कागदावर लिहा आणि पाळा.

स्त्री कलावंतांची नावं ही वेगळी अडचण. लग्नाआधी कुमारी अमुक, नंतर सौ. तमुक, तीच व्यक्ती पत्रकात दोन नावांनी येते आणि सूचीत दोन बायका होतात. उलट जुन्या पत्रकातली स्त्रीभूमिका पुरुषानं केलेली असते आणि पत्रकात नुसतं आडनाव असतं. दोन्ही ठिकाणी घरच्यांना विचारल्याशिवाय नावं जोडू नका.

परदेशी गेलेल्यांना विसरू नका. १९७० नंतर इथल्या मंडळांतली बरीच मंडळी अमेरिकेत स्थिरावली आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळांत नाटकं बसवू लागली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांच्या स्मरणिका आणि त्या त्या शहरातल्या मंडळांचे अंक चाळले तर 'मूळचे सांगलीचे' असे परिचय भेटतात. फोटोंचे अल्बम गावापेक्षा तिथंच बरे टिकलेत, कारण तिथं कृष्णेचं पाणी घरात शिरत नाही.

भिजलेले कागद

पुराचं प्रकरण सांगलीत टाळता येत नाही. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत आले. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि राजवाडा परिसरातल्या नगर वाचनालयाची पुस्तकं भिजली. गावभाग, खणभागात तळमजल्यावर कपाट असेल तर आजच वर न्या, आणि छायाप्रतींचा एक संच विश्रामबागेसारख्या उंचावरच्या भागात दुसऱ्या घरी ठेवा.

कागद भिजलेच, तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. त्यानंतर बुरशी धरते. उन्हात वाळवू नका, कागद वाकडा होतो आणि शाई उडते. सावलीत, पंख्याखाली, दोरीवर किंवा जाळीवर पसरा. वहीच्या दर दहा-पंधरा पानांमध्ये कोरा शोषक कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं असतील तर ती ओली असतानाच सुटी करून प्रत्येक पानाआड कागद घालावा लागतो. एकदा वाळली की त्यांची वीट होते, मग कुठलाही उपाय चालत नाही. जास्त कागद असतील आणि हात कमी, तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला सवड मिळते. फोटो मात्र गोठवण्यापेक्षा स्वच्छ पाण्यात हलके धुऊन, चित्राची बाजू वर करून वाळवलेले बरे. बुरशी दिसली तर हातमोजे आणि मास्क लावून, उघड्या हवेत, मऊ ब्रशनं.

लिहिताना

सांगलीच्या प्रत्येक संस्थेचा इतिहास विष्णुदास भाव्यांपासून सुरू होतो. मग हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, मग सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, मग मिरजेचे अब्दुल करीम खाँ, मग १९४३ चा मराठी रंगभूमीचा शताब्दी महोत्सव आणि अध्यक्षपदी सावरकर. वीस पानं होतात आणि तुमच्या मंडळाचा अजून जन्मच झालेला नसतो. हे सगळं अर्ध्या पानात उरका. वाचकाला ते माहीत आहे. ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन तो दरवर्षी पाळतो.

'पहिला' हा शब्द जपून. 'सीता स्वयंवर'लाही 'पहिलं मराठी नाटक' म्हणताना जाणकार थबकतात, कारण तंजावरच्या भोसले राजांच्या काळातली, सतराव्या शतकाच्या अखेरची मराठी नाटकं हस्तलिखितांत आहेत. मग 'जिल्ह्यातलं पहिलं संगीत मंडळ' असं लिहिताना पुरावा काय, हे स्वतःला विचारा. 'आम्हाला मिळालेल्या कागदांत याआधीचा उल्लेख नाही' हे वाक्य कमी झोकदार आहे, पण पडत नाही.

भांडणं लिहायची का? लिहायची. १९७० मध्ये संस्था फुटून दोन झाल्या असतील तर तो इतिहासच आहे. पण कागदावर आहे तेवढंच लिहा: कोणत्या सभेत कोणता ठराव आला, किती विरुद्ध किती मतं पडली, कुणी राजीनामा दिला. हेतू लिहू नका. दोन्ही बाजूंच्या हयात माणसांना मजकूर छापण्याआधी दाखवा, दुरुस्ती लेखी मागवा, आणि त्यांचं म्हणणं कागदाशी जुळत नसेल तर दोन्ही छापा.

छपाईचा हिशेब सोपा आहे. डेमी अष्टपत्री आकारात १६ पानांचा एक फॉर्म, म्हणजे १६० पानं म्हणजे दहा फॉर्म. १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी अकरावा फॉर्म लागेल, तेव्हा ती आधीच कापा. फोटो वेगळ्या आर्ट पेपरवर एकत्र आठ किंवा सोळा पानांत घेतले तर स्वस्त पडतं. फोटोओळीत 'डावीकडून' लिहायचं, सालासकट, आणि ओळख न पटलेल्या माणसासाठी 'नाव मिळालं नाही' असं लिहायचं. पुस्तक बाहेर पडलं की कुणीतरी नातू फोन करून नाव सांगतोच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, विनाशुल्क मिळतो, छपाईच्या पुरेसा आधी अर्ज करा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. छोट्या संस्था हे हमखास विसरतात, आणि मग वीस वर्षांनी आपल्याच पुस्तकाची एक प्रत शोधत गावभर फिरतात.

मूळ कागद मात्र पुन्हा त्याच ट्रंकेत कोंबू नका. आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटं मिळाली तर उत्तम, नाहीतर धुतलेल्या मांजरपाटाचे बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे. कसर आणि वाळवीसाठी दर सहा महिन्यांनी, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर, प्रत्येक बस्ता उघडून पाहायचा. कपाट भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून निदान अर्धा फूट वर. किल्ल्या दोन, एक कार्यालयात आणि एक चिटणीसांच्या घरी, आणि चिटणीस बदलले की किल्ली परत घेतल्याची नोंद इतिवृत्तात.